गोदाकाकूचा घोटा

गोदाकाकूकडे पाहुणा आला की पाण्याच्या आधी एक्स-रे येतो. दारातल्या उजेडात तो उंच धरून ती म्हणते, "मोज बरं, इस्कुरू किती?" पाहुणा मोजायला लागला की लगेच, "आतून इस्टीलची हाव मी. तुमच्यासारखी निस्ती हाडाची नाई!"

काकू अनसिंगला आमच्या शेजारी राहते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा पुण्याला कामाला. मेडशीला एसटीतून उतरताना तिचा पाय खड्ड्यात गेला आणि घोटा टरारून सुजला. कुणीतरी तेल लावून पाय ओढून देतो म्हणाला. काकू गरजली, "हात लावू नोको! पाय हाय माहा, कणकीचा गोया नाई. वाशिमले ने मले, डाक्टरकडे."

ऑपरेशन झालं, हाडाला स्क्रूने स्टीलची पट्टी बसली. डॉक्टर सांगतील तोवर पाय टेकवायचा नाही, असा हुकूम होता. मुलगा काही दिवस राहून परत गेला. डबा आमच्याकडून जायचा. उशांवर पाय ठेवून काकू राणीसारखी पडलेली असायची. "आता टेकव की थोडा," असं कुणी म्हटलं की ठरलेलं उत्तर यायचं, "हाडाले घाई चालत नाई, बापा."

प्लास्टर निघालं तेव्हा घोटा लाकूड झाला होता. व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी अंगठ्याने हवेत अक्षरं काढायला सांगितली. काकूने गावात ज्याचा ज्याचा राग होता, त्याचं त्याचं नाव गिरवलं. "पायानंच लिवाच्या लायकीचे हायत हे!" राग भरपूर असल्यामुळे घोटा लवकर सुटला. आता ती डोक्यावर भारा घेऊन शेतातून येते, तेव्हा मी येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून दाखवते : ही आमची काकू.

यंदा समोरची सुशीला अंगणात घसरली. तिचाही घोटाच मोडला. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणापासून दोघींचं बोलणं बंद होतं. सुशीलाचं प्लास्टर निघालं, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, पण ती पाय टेकवेना. सुनेने हात टेकले. एका सकाळी काकू तरातरा तिच्या ओसरीवर चढली. आता जुंपणार, म्हणून मी मागे धावले.

"ऊठ," काकू म्हणाली.

"नाई जमत मले."

"काहून नाई?"

"भेव लागते वं."

मला वाटलं, काकू आता फटकारणार. पण ती सुशीलाजवळ बसली. आवाज एकदम उतरला.

"मलेबी लागलं होतं. पयल्यांदा पाय टेकवला तवा घरात कोनी नव्हतं. भिंतीले धरून उभी राह्यली अन् लय रडली मी."

हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

तिने सुशीलाचा हात उचलून आपल्या गळ्याभोवती घेतला. "तुले भिंत नाई धराची. मी हाव ना. टाक पाय."

सुशीलाने पाय टाकला. मग दुसरा. दोघी ओसरीच्या टोकापर्यंत गेल्या.

"च्या पिऊन जाय," सुशीला म्हणाली.

काकू बसली. दुपारी मी कपडे वाळत घालायला बाहेर आले, तेव्हाही ती तिथेच होती.