तुमाले वांगं नाही भेटत

मोतीरामभाऊ स्वतःच्या मळ्यात वांगी पिकवतात, रिसोडच्या आठवडी बाजारात पोतं अंथरून विकतात आणि मला मात्र देत नाहीत. पैसे पुढे केले तरी नाही, घासाघीस न करता केले तरी नाही. मी वांग्यांच्या ढिगाकडे बोट दाखवलं की ते माझ्याकडे पाहतात आणि म्हणतात, "कंडक्टरसायेब, जीभ दाखवा."

मी एसटीत कंडक्टर होतो. आयुष्यभर लोकांनी माझं ऐकलं. मी घंटी वाजवली की गाडी थांबायची. आणि म्हातारपणी हा माणूस भर बाजारात, दोन्हीकडे लोक उभे असताना, मला जीभ बाहेर काढायला लावतो. मी काढतो. ते वाकून पाहतात, मान हलवतात आणि पिशवीत चवळीची जुडी टाकतात.

"अहो, वांग्यानं काय होते?"

"वांग्यानं काहीच होत नाही. तुमच्या घरी वांगं तेलात पोहते, त्यानं होते. तुमाले वांगं विकलं म्हंजे गोडेतेल विकलं."

हे माझ्या एकट्याच्या बाबतीत असतं तर मी सोसलं असतं. पण त्यांच्या पोत्यासमोरून कुणीच नीट सुटत नाही. शाळेतल्या एका बाई भेंडी घ्यायला आल्या, त्यांना विचारलं, "रातच्याले झोप येते का?" बाई गोंधळल्या. "मोबाईल उशाखाली ठेवत असान. भेंडी नेजा, पण आदी मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवाचा." एका पहिलवान पोराला कोथिंबीर देण्याआधी बसस्टँडपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "सकाळी पोट साफ झालं का?" तो पोरगा तेव्हापासून कोथिंबिरीसाठी आईला पाठवतो.

माझ्या मुलीला पाहायला पाहुणे आले तेव्हा मी शेजारधर्म म्हणून मोतीरामभाऊंना बोलावलं. ही माझी चूक. पोहे झाले, चहा झाला, मुलाला नोकरीचं विचारून झालं आणि तेवढ्यात मोतीरामभाऊ म्हणाले, "बेटा, जीभ दाखव बरं." मुलाच्या वडिलांचा कप बशीवर वाजला. मुलानं दाखवली. "पोरगं सोन्यासारखं हाय," मोतीरामभाऊ म्हणाले, "फक्त रातचं जागते." लग्न झालं. जावई अजून रात्रीचा जागतो, आणि मुलगी फोनवर म्हणते, बाबा, मोतीरामकाकांनी तेव्हाच सांगितलं होतं.

कुणाला वाटेल, डॉक्टरच्या विरोधातला माणूस असेल. उलट. एखादा म्हणाला की मला शुगर आहे, तर हे आधी डॉक्टरची चिठ्ठी पाहायला मागणार. स्वतःला वाचता येतं ते बेताचंच, पण चिठ्ठी उन्हात धरून, औषध दुकानदाराला विचारून, कोणती गोळी कशाची हे समजून घेणार आणि मगच भाजी देणार. त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे. "गोळी अन् भाजी नवरा-बायको हायेत. एकाले घराबाहेर काढलं तं दुसऱ्याचा संसार होत नाही." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की झोपेतही म्हणू शकेन. माझी बायको तर ते माझ्यावरच वापरते.

आणि नेमकं हेच वाक्य विसरल्याचं सोंग मी केलं. हे लिहायला बसलो ते त्यासाठी.

मला शुगर आहे. गोळ्यांचा कंटाळा आला होता. मोबाईलवर कुणीतरी सांगत होतं की कारल्याचा रस घ्या आणि गोळ्या फेकून द्या. मी मोतीरामभाऊंकडे कारली मागितली. त्यांनी तोलून पिशवीत टाकली. मी सहज बोलून गेलो, "आता गोळ्या बंद." त्यांनी पिशवीत हात घातला आणि सगळी कारली परत काढून घेतली. "कारलं गोळीसंग खाची गोष्ट हाय, गोळीच्या बदली नाही. जा घरी."

मी रागानं दुसऱ्याकडून कारली घेतली. रस प्यालो. गोळ्या बंद केल्या. थोड्याच दिवसांत भाजीची पिशवी हातात असताना बसस्टँडवर भोवळ येऊन पडलो आणि थेट वाशीमच्या दवाखान्यात डोळे उघडले. डॉक्टर बाई चांगल्याच चिडल्या होत्या. "गोळ्या कुणी बंद करायला सांगितल्या?" पायाशी माझा मुलगा विलास उभा. ज्या मुलाला मी लहानपणी खोटं बोलला म्हणून झोडपलं, त्याच्यासमोर मी म्हातारा काय सांगणार? मी म्हणालो, "मोतीरामभाऊ म्हणाले होते."

विलास त्याच आठवड्यात बाजारात गेला आणि लोकांच्या गर्दीत त्यांना नाही नाही ते बोलला. तुमच्यापायी माझा बाप मेला असता, म्हणाला. लोक सांगतात, मोतीरामभाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी एवढंच विचारलं, "आता कसे हायेत? जेवले का?"

त्यानंतर त्यांच्या पोत्यासमोर गर्दी झाली नाही. बाया दुरून वळायच्या. शेवटी त्यांनी बाजारात बसणंच सोडलं. पहाटे भाजी क्रेटमध्ये भरायची आणि अडत्याकडे टाकून यायची. भाव थोडा कमी, पण माल सगळा खपतो. नुकसान म्हणाल तर काहीच नाही. फक्त अडत्याला जीभ दाखवायला वेळ नसतो.

मी बरा झालो. विलास रोज सकाळी स्वतःच्या हातानं मला गोळी देतो आणि मी ती गिळेपर्यंत समोर उभा राहतो. एका सकाळी ती गोळी घशात अडकली म्हणा, की दुसरं काही, पण दुपारी मी रिठदच्या रस्त्याला त्यांच्या मळ्यावर गेलो.

मोतीरामभाऊ लिंबाखाली बसले होते. समोर चहाचा ग्लास आणि टोस्टचा पुडा. सबंध गावाला पंगतीत जिलबीवरून हटकणारा माणूस चहात टोस्ट बुडवून खात होता. मला पाहून त्यांनी पुडा मागे सरकवला, पोरं परीक्षेत चिठ्ठी लपवतात तसा.

"हे काय भाऊ? जेवण?"

"बसा. चहा घ्या. बिनसाखरेचा करतो."

"तुम्ही खरं का नाही सांगितलं विलासला?"

त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "तुमच्या पोरापुढं तुमाले खोटं पाडू? बाप बिमार, अन् वरून लबाड. मंग पोरगं गोळी देईन का भरोशानं? आता देते ना रोज?"

"देतो."

"मंग झालं तं."

मला राग आला. खरंच आला. माणसानं इतकं चांगलं वागू नये की समोरच्याला भांडताही येऊ नये. मी पुड्याकडे बोट दाखवून ओरडलो, "अन् हे? मळ्यात एवढी भाजी उभी, अन् तुम्ही मैदा खाता?"

"ताईबाई गेल्यापासून एकट्यासाठी कोण चूल पेटवते," ते म्हणाले. ताईबाई म्हणजे त्यांची बायको. "बाजारात बसे तं बरं होतं. लोकाले सांगता सांगता मलेच भूक लागे. शेवटच्या गिऱ्हाइकाले जे दिलं, तेच घरी येऊन करून खात होतो. आता कोणाले काही सांगणं नाही, तं काय खाव हे मलेच उमजत नाही, बापा."

त्या संध्याकाळी मी विलासला खरं सांगितलं. तो उठून दुसऱ्या खोलीत गेला. सकाळी गोळी मात्र त्यानंच दिली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी विलास मोटारसायकलवर क्रेट आणि मोतीरामभाऊ दोघांनाही घेऊन आला. पोतं त्यानंच अंथरलं. मी उभा राहिलो आणि बसमध्ये ओरडायचो त्या आवाजात सांगितलं की गोळ्या मी स्वतः बंद केल्या होत्या, भाऊंनी कारली परत घेतली होती, मी खोटं बोललो. वाटलं होतं, लोक थांबतील, कुजबुजतील. एका बाईनं "सरका जरा" म्हणून कोथिंबीर उचलली. दुसरी म्हणाली, "म्हंजे भाऊ, आता बसणार का इथं? माह्या पोराचं पोट दुखून राह्यलं आठ दिवसापासून."

मोतीरामभाऊ एकदम सावरून बसले. "कुठी हाय पोरगं? आन इकडं. जीभ दाखव रे."

दुपारपर्यंत पोतं जवळजवळ रिकामं झालं. चार वांगी उरली होती, काळीभोर, देठाला काटे असलेली. मी म्हणालो, भाऊ, आज तरी. त्यांनी मान हलवली. मी मुकाट्यानं जीभ काढली. त्यांनी पाहिली आणि चवळीच्या उरलेल्या दोन जुड्यांमधली एक माझ्या पिशवीत टाकली.

वांगी त्यांनी त्या पोट दुखणाऱ्या पोराच्या आईला फुकट दिली. दुसरी जुडी पोत्यावर तशीच होती. तिच्यावर त्यांनी पाणी शिंपडलं, ती ओल्या फडक्यात गुंडाळली आणि घरी नेण्यासाठी आपल्या पिशवीत ठेवली.