ओ दिल्याबिगर खुंटी नाई

आमचे शेजारी मारोतराव आंघोळीला जायच्या आधी आरोळी ठोकत. "जाऊन राह्यलो वं!" मग गल्लीतल्या कुणीतरी "ओ" द्यायचा, तेव्हा कुठं न्हाणीत पाणी सांडल्याचा आवाज यायचा. एकदा मी मुद्दाम गप्प बसले. ऐन हिवाळा, माणूस पंचा गुंडाळून अंगणात कुडकुडतोय, पण आत पाऊल टाकेल तर शपथ!

"बाई, ओ द्या नं! आतमंधी जनावर बसलं असन तर कोनाले समजन?"

"न्हाणीत कसलं हो जनावर येतंय?"

"येनारं सांगून येते का?"

दिला बाई ओ. काय करता!

हे गृहस्थ जंगल खात्यात कारकून. धानोऱ्याकडं ऐन रानात नोकरी काढून चांद्याला बदलून आलेले. वाघाला वाघ म्हणायचे नाहीत, "मालक" म्हणायचे. घरात कुणीतरी सिंहाच्या चित्राचं कॅलेंडर आणून दिलं, तर त्याचं तोंड भिंतीकडं करून टांगलं. विजेला भ्यायचे, विहिरीला भ्यायचे, कोळशाच्या ट्रकला तर रस्त्यावरूनच हात जोडायचे. त्यांची बायको सुभद्राबाई दम्याची पेशंट, अंथरुणाला खिळल्यासारखीच, पण जिभेला धार. म्हणायची, "मालकानं यायले नेलं तं... परत आनून देईन. दिवसभर... ओ कोन देईन यायले?" एवढं बोलायलाही तिला मध्ये दोनदा थांबावं लागायचं.

तर अशा ह्या माणसानं परकोटाच्या बाहेर राहायला जायचं ठरवलं, यावर कुणाचा विश्वास बसावा?

चांदा तेव्हा चांदाच होतं, चंद्रपूर व्हायचं होतं. सगळं गाव कोटाच्या आत दाटीवाटीनं बसलेलं. विजेचे खांब जटपुरा गेटापाशी येऊन थांबलेले. त्यापलीकडं बोरी-बाभळी, पळस, एक नाला, आणि नाल्याच्या पल्याड सरळ जंगल. तिथं घरं बांधायची म्हणून नोकरदारांनी संस्था काढली. पहिलं नाव मारोतरावांचं, सेक्रेटरीही तेच. आमच्या ह्यांनीही मला न विचारता नाव घातलं. मी कोरपन्याकडची, कापसाच्या वावरात वाढलेली. साप-विंचवाचं मला काही नाही, पण बिबट्या म्हटला की माझे पाय गळतात. त्या दिवशी मी ह्यांच्याशी जे भांडले ते अख्ख्या गल्लीनं ऐकलं.

नागपूरहून एक ओव्हरसियर साहेब नकाशा घेऊन आले. प्रत्येक घर आपल्या प्लॉटच्या मधोमध, चहूकडं बाग, शेजाऱ्याचं तोंड दिसायला नको. "मोकळेपणा पाहिजे माणसाला," साहेब म्हणाले.

"साहेब, मोकळेपना जंगलात बम असते, पायजे तेवढा. मी पाहून आलो," मारोतराव म्हणाले. "घरं जवळ जवळ घ्या. एकानं हाक मारली तं दुसऱ्याले आयकू गेली पायजे. ओ दिल्याबिगर खुंटी नाई!"

साहेब हसले. मारोतराव हटेनात. शेवटी एका रविवारी सगळ्या सभासदांना बायकांसकट बैलगाड्यांत घालून माळावर नेलं. साहेबांनी घरांच्या जागी ठोकलेल्या खुंट्यांपाशी एकेकाला उभं केलं आणि स्वतः शेवटच्या खुंटीपाशी जाऊन हाक मारली.

कुणालाच ऐकू आली नाही. ऐकू कशी येणार? हाक म्हणावी की उसासा! न्हाणीत जाताना गल्ली दणाणून सोडणारा हा माणूस, आणि तिथं त्याच्या तोंडून चिमणीएवढा आवाज निघत होता.

"भीतीनं घसा बसला!" साहेब ओरडले. आम्ही पोट धरधरून हसलो. मारोतराव एक खुंटी उपटून अलीकडं आले, पुन्हा तसंच बारीक ओरडले. पुन्हा कुणी ओ दिला नाही.

असं करता करता ऊन कललं. आणि नाल्यावरच्या झाडांत वानरं खाकरायला लागली. ज्यानं जंगल पाहिलंय त्याला सांगायला नको, वाघ-बिबट्या दिसला की वानर तसं खाकरतं. आमचं हसू जागच्या जागी विरलं. गवत हललं. शेळ्या राखणारा एक म्हातारा "आलं वं माय, आलं!" करत नाल्यातून वर धावला आणि त्याच्या मागं एक शेळी जी ओरडली, ती अर्ध्यातच थांबली.

मग काय विचारता! जो तो गाड्यांकडं. ओव्हरसियर साहेब सगळ्यांच्या आधी गाडीत, तेही संस्थेच्या अध्यक्षांच्या मांडीवर. मी धावताना लुगड्यात पाय अडकून आपटले. डोळ्यापुढं पिवळंधमक काहीतरी नाचतंय. मान वळवून पाहते तर मारोतराव आपल्या खुंटीपाशी तसेच उभे! धोतर थरथरतंय, आणि हाक चालूच. तीच, बारीक.

आले, मला हात देऊन उठवलं. तोंड पांढरंफटक.

"बाई, आता तं जवळ होत्या तुम्ही. आयकू आलं का?"

"मेलं ते! पळा आधी!"

"खरं सांगा. आयकू आलं का नाई?"

"नाही आलं!" मी ओरडले. ते खुंटीकडं पाहतच राहिले. मीच त्यांना दंडाला धरून ओढत गाडीपर्यंत आणलं.

बिबट्यानं शेळी नेली आणि संस्थेची हिंमतही नेली. जमीन परत करायची, असं जो तो बोलू लागला. तसं ठरवायला सभा बोलावली. मला तर आनंदानं नाचावंसं वाटत होतं. सभेच्या दिवशी दुपारी सुभद्राबाईला सांगायला गेले, की सुटलो गं बाई!

आत गेले तर ती खाटेवर ओणवी होऊन बसलेली. गल्लीतल्या सगळ्या चुलींचा धूर त्या बिनखिडकीच्या खोलीत कोंडलेला. ओठ निळे. मला पाहून तिनं हाक मारली, म्हणजे बहुतेक आधीपासून मारतच होती. मी भिंतीपलीकडंच भाकऱ्या थापत होते, मला काही पत्ता नव्हता. आणि ती हाक ऐकून माझ्या अंगावर सरकन काटा आला. माळावरची हाक हीच होती! मारोतराव त्या दिवशी आपल्या आवाजात ओरडतच नव्हते. सुभद्राबाईच्या आवाजात ओरडत होते.

मी तिची पाठ चोळली, गरम पाणी पाजलं. तेवढ्यात मारोतराव आले आणि उंबऱ्यातच मटकन बसले.

"डाक्टर म्हनते, हिले उघडी हवा पायजे. ह्या धुरात हे टिकनार नाई," ते म्हणाले. "तथी हवा हाय. पन मी दौऱ्यावर गेलो, आन् हिनं हाक मारली, आन् कोनालेच आयकू नाई गेली तं? मालकाचं भेव मले हायच बाई, मी कुठी नाई म्हनतो? पन ह्या भेवानं माह्या घशाखाली घास उतरत नाई."

मला रडूच आलं.

संध्याकाळी सभेला बायका जात नसत. मी गेले. आमचे हे डोळे वटारत राहिले, मी उभी राहिले. ती शेळी कानात ओरडतेय.

"जमीन परत द्यायची नाही," मी म्हटलं. "ज्यांना बागा पाहिजेत त्यांनी घ्याव्या. आमचं घर मारोतरावांच्या घराला चिकटून पाहिजे. मधे एकच भिंत, दोघांची."

साहेब नकाशावरून वर बघून म्हणाले, "बाई, तुम्हाला तिथं भीती नाही वाटणार?"

"वाटणार ना! रोज वाटणार!"

कुणीतरी हसलं. मग हळूहळू आणखी दोघा-तिघांनी आपली घरं जवळ घ्यायला सांगितलं. मारोतराव खाली मान घालून बसले होते. उपरण्यानं डोळे पुसले, नाक पुसलं आणि माझ्याकडं न बघताच म्हणाले,

"बाई, भिंत तेवढी पातळ ठेवजा."