लाटणं म्हणजे सोटा का?

एका जंगलात, बाळांनो, दुपारी सगळी शहाणी जनावरं झोपायची आणि तीन दीडशहाणी खेळायला बसायची.

खेळ मनातल्या मनात लढण्याचा होता. भुरीमावशी अस्वलीण मोहाची फुलं कांडता कांडता गोष्ट सांगायची. बाकीचे त्या गोष्टीतले वीर व्हायचे. घाव बसला की हुकला, ते फासे ठरवायचे. शस्त्राचा सराव असेल, तर फाशाच्या आकड्यात दोन वाढवून मिळायचे. हाताला लागेल ती वस्तू उचलून मारली, तर वाढीव काही नाही. मात्र ती वस्तू खऱ्या शस्त्रासारखी असेल, तर मिळायचे.

आता 'सारखी' म्हणजे किती सारखी? या प्रश्नानं काटेपंत साळिंदराची झोप उडाली होती. खेळात त्यांचा वीर कधी जिंकला नव्हता. वादात मात्र पंत कधी हरले नव्हते. तुमच्याही कंपूत असा एकजण असेल. नसेल, तर तो तुम्हीच. आम्हाला हे जरा उशिरा कळलं.

त्या दुपारी टुणू सशाचा वीर एका खाणावळीत राक्षसांच्या तावडीत सापडला. त्यानं लाटणं उचललं.

"लाटणं म्हणजे सोटाच की," टुणू म्हणाला. "सोट्याचा सराव आहे मला. दोन वाढवा."

"सोटा टोकाला जाड असतो," काटेपंत म्हणाले. "लाटणं मध्ये जाड असतं."

"अहो पंत, मरेल हो तो!"

"मरू दे. नियमानं मरेल."

तेवढ्यात झुडपातून खराखुरा बिबट्या आला आणि त्यानं टुणूला पंजाखाली दाबलं.

भुरीमावशीनं उखळातलं मुसळ उगारलं.

"थांब!" काटेपंत ओरडले. "तुला मुसळानं कांडायचा सराव आहे. मारायचा नाही."

मावशीचा हात सवयीनं थांबला.

"बरोबर बोलतायत ते," बिबट्या म्हणाला.

काटेपंतांचा ऊर भरून आला. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्यांना बरोबर म्हटलं होतं. मग त्यांची नजर पंजाखाली गेली. टुणूचे डोळे पांढरे व्हायला लागले होते. टुणू त्यांचा एकुलता एक मित्र होता. बाकीच्यांशी वाद जिंकून झाले होते.

'मावशी, मार!' असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. बाहेर पडलं ते भलतंच.

"तरी मुसळ गदेसारखं धरता येईल का, यावर एक मत असं आहे की..."

झालं, सगळं मुसळ केरात! मावशीनं ते खरंच टाकून दिलं. तिनं काटेपंतांना पोटाकडून धरलं आणि भिरकावलं.

हवेतून जाताना पंतांना एकच शंका आली. फेकलेलं साळिंदर भाल्यात धरायचं, की गोफणगुंड्यात?

बिबट्या नाकभर काटे घेऊन बोंब मारत पळाला. टुणू धडपडत उठला आणि पंतांच्या गळ्यात पडायला धावला. ऐन वेळी त्याला काटे आठवले.

काटेपंतांनी धूळ झटकली. "मावशी, मला फेकायचा सराव तुला कधी झाला?"

"रोज दुपारी," मावशी म्हणाली. "मनातल्या मनात."

काटेपंतांनी फासे गोळा करून मावशीपुढे ठेवले. मग म्हणाले, "मग दोन वाढवून घे."

तात्पर्य: ऐन संकटात नियम काढून बसणारा मित्र कुचकामी असतो, असं समजू नये. त्याला फक्त पोटाकडून धरावं.