एका चाकाला तीन पंच

माणसाने मीटिंगमध्ये तोंड उघडू नये, आणि उघडलंच तर जांभई द्यावी. मी नेमका बोललो.

लेकीच्या एकचाकी सायकलवाल्या क्लबची मीटिंग होती. स्पर्धा तोंडावर आलेली आणि जमलेले झाडून सगळे पालक पंच व्हायला टपलेले. त्या एका चाकावर बसायचं कसं हेसुद्धा त्यांतल्या कुणाला ठाऊक नव्हतं. पण पंचाला टोपी मिळते आणि सावलीत खुर्ची मिळते, हे बरोबर ठाऊक होतं. नुसता कलकलाट! वैतागून मी म्हणालो, "अहो, आधी कोणी काय करायचं ते तरी ठरवा!"

"वा, मग तुम्हीच ठरवा," दातांचे डॉक्टर म्हणाले. झालं! लोढणं माझ्या गळ्यात.

(आतून खूशच झालो म्हणा. उभा जन्म कचेरीत कारकुनी केलेली. कोणी कोणतं काम करायचं नाही, हे ठरवण्यात माझा हात कोण धरणार?)

"तुम्हाला दोन चाकांची तरी येते का?" बायकोने घरी विचारलं.

"त्याचा काय संबंध? आमच्या साहेबांना तरी कुठे काय येतं?"

लेक मात्र काकुळतीला आली. "बाबा, बाकी काहीही करा, पण माझी शर्यत नीट सुरू होऊ दे. पहिली आले तरच मोठ्या संघात घेणार आहेत." किती वर्षं ही पोर पडतेय, गुडघे फोडून घेतेय आणि पुन्हा चढतेय. मी म्हटलं, तू निर्धास्त राहा.

आता घोळ असा की, शर्यत सोडण्याचं काम तिघांना हवं होतं, कारण त्यात शिट्टी होती. डॉक्टर, विमा एजंट आणि रिटायर हेडमास्तर, तिघेही हटून बसले. मग मी एका कामाचे तीन तुकडे केले. डॉक्टरांनी 'तयार' म्हणायचं, पण एजंटची मंजुरी मिळाल्यावर. एजंटने मंजुरी द्यायची, पण हेडमास्तरांनी शिट्टी ओठाला लावल्यावर. हेडमास्तरांनी शिट्टी ओठाला लावायची, पण डॉक्टर 'तयार' म्हणाल्यावर. आमच्या कचेरीत प्रत्येक फाइल अशीच फिरते आणि कोणाचं काही अडत नाही. तिघेही खूश! आधीच सुटणाऱ्याला बाद करण्याचं वाईटपणाचं काम कोणालाच नको होतं. ते बायकोच्या माथी मारलं.

स्पर्धेचा दिवस उजाडला. पोरं समोरचे खांब धरून चाकावर चढली.

"म्हणा की 'तयार'!" एजंट.

"मंजुरी कुठंय?" डॉक्टर.

"शिट्टी ओठाला लागल्याशिवाय कशी देऊ?"

"आणि 'तयार' ऐकल्याशिवाय मी ती लावणार नाही. नियम म्हणजे नियम!" हेडमास्तर गरजले. (चाळीस वर्षं पोरांना ओणवं उभं केलेला माणूस. त्याला कसली घाई?)

फाइल थांबली तर पडून राहते. एकचाकी थांबली तर पोर पडतं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ऊन चढलं, पाय लटपटायला लागले, एकेक पोर धपाधप खाली. डॉक्टरांचा चिरंजीव तर पडल्या पडल्या सावलीत जाऊन सरबत पीत बसला. माझी लेक तेवढी खांबाला चिकटून होती आणि माझ्याकडे बघत होती. ती नजर मला सोसवेना.

"सुट गं! सुट एकदाची!" मी ओरडलो.

सुटली की पोरगी! कुठे पाय टेकला नाही, कुठे तोल गेला नाही. रेषा ओलांडली तेव्हा मी टुणकन उडी मारली. तेवढ्यात लाल झेंडा वर झाला.

"बाद," बायको म्हणाली.

"अगं, आपली मुलगी आहे ती!"

"माहीत आहे. बाळंतपणाला मी हजर होते."

"पण मी सोडलं ना तिला!"

"तुम्ही कोण?"

"मी? मी सगळ्यांची कामं ठरवली!"

"स्वतःचं काय ठरवलंत?"

गावभर पदं वाटली आणि स्वतःला एक ठेवायचं राहून गेलं.

"म्हणजे तुम्ही प्रेक्षक. प्रेक्षकाच्या ओरडण्यावर सुटणारा बाद, हा नियम कोणी केला?"

मीच. दुसरा कोण असणार एवढा शहाणा?

शेवटी क्लबच्या प्रशिक्षकाने तिन्ही पंचांना बाजूला सारलं, नुसती टाळी वाजवली आणि शर्यत सुरू झाली. सरबत पिऊन ताजातवाना झालेला डॉक्टरांचा चिरंजीव पहिला आला. लेक कडेला उभी राहून बघत होती. रडली नाही, एकचाकी खांद्यावर टाकून माझ्यापुढे चालत घरी आली.

यंदाच्या मीटिंगमध्ये तिनेच एक नवं पद सुचवलं. स्पर्धेच्या दिवशी मला मैदानाबाहेर धरून ठेवणारा पंच. ना टोपी, ना खुर्ची, दिवसभर ऊन. तरी सगळ्यांचे हात वर! पद बायकोला मिळालं.

"कामाची रूपरेषा मी आखून देतो," मी पडेल आवाजात म्हणालो.

"नको बाबा," लेक म्हणाली, "तुम्हाला धरून ठेवायला आईला कोणाची मंजुरी लागत नाही."