हिरवी पुडी आणि मुका माइक

"माझ्या बुटांचा आवाज ऐकूनच गुन्हेगार घाम पुसायला लागतो," असं आमच्या गल्लीचे हौशी गुप्तहेर लायसाहेब स्वतःबद्दल सांगतात. खरं तर ते चपला घालतात. तैवानमधल्या तैनान शहरातल्या या गल्लीत त्यांनी आजवर एकच चोर पकडला, आणि ते मांजर होतं. मी त्यांची सहायक, म्हणजे छत्री धरणारी.

त्या सकाळी श्यू-लुआन मावशीचा नवा माइक मुका निघाला. तिकडे व्हँकुव्हरला तिच्या नातवाचा महिना भरला होता आणि मावशीला त्याला अंगाई म्हणायची होती. कम्प्युटरच्या पडद्यावर तिची मुलगी पेई-शान बाळाला घेऊन बसलेली दिसत होती, पण तिचं इकडे ऐकू येईना आणि आमचं तिकडे जाईना. बाळ जांभया देत होतं.

लायसाहेबांनी भिंग काढलं. बाळाचा महिना भरला की वाटतात ती लाल अंडी टेबलावर होती. कम्प्युटरशेजारी लाल रंग, मग यंत्र बिथरणार नाही तर काय, असं म्हणून त्यांनी अंडी स्वयंपाकघरात धाडली. माइक मुकाच. मग त्यांची नजर कम्प्युटरवरच्या खाऊच्या हिरव्या पुडीकडे गेली. हिरवा रंग यंत्रांना शुभ, म्हणून त्यांनी शहाण्यासारखं वागावं यासाठी अशी पुडी आमच्याकडे सगळेच ठेवतात, पण हिची मुदत टळली होती. शिळ्या खाऊवर कोण राबेल? मी धावत ताजी आणली. जुनी त्यांनी पुरावा म्हणून खाल्ली. तरीही शांतता. आता त्यांचा संशय समोरच्या चहावालीवर गेला.

"राहू दे," मावशी डोळे पुसत म्हणाली. "झोपेल आता ते."

तेवढ्यात पेई-शानने एक कागद कॅमेऱ्यापुढे धरला. 'आई, वायरी लायकाकांनी लावल्या का?' मावशीने होकारार्थी मान हलवली. दुसरा कागद आला. 'मग माइक हिरव्या भोकात असेल. तिथे स्पीकर लागतो. माइक गुलाबीत घाल.'

मी कम्प्युटरच्या मागे वाकून पाहिलं. तसंच होतं.

"माइक म्हणजे राजा," लायसाहेब म्हणाले. "त्याला शुभ हिरवं सोडून लाल रंगाच्या त्या धाकट्या बहिणीकडे, गुलाबीकडे पाठवू?"

मी वायरींची अदलाबदल केली. स्पीकरमधून बाळाचं रडणं आलं आणि मावशी हसली. मग ती गायला लागली. बाळ गप्प झालं, पण झोपलं नाही, टक लावून ऐकत राहिलं. झोपली ती पेई-शान. महिनाभराच्या जागरणाने थकलेली पोर, बाळाला कुशीत घेऊन बसल्याबसल्या तिची मान कलली.

"शुद्ध हरपली," लायसाहेब कुजबुजले. "विषप्रयोग!"

"गप बस रे," मावशी म्हणाली आणि आवाज आणखी हळू करून पुन्हा पहिल्या ओळीपासून गाऊ लागली.