मारोतरावांचा सहा नंबर

परदेशी पार्सल उघडल्यावर माणूस आधी आत काय आलं ते पाहतो. सक्करदऱ्याचे मारोतराव घड्याळवाले आतला माल बाजूला सारत आणि तो ज्यात गुंडाळून आला, त्या चुरगळलेल्या कागदाला इस्त्री करत. खरोखरची इस्त्री! काउंटरखाली कोळशाची पितळी इस्त्री होती, आणि ती फिरत असेपर्यंत गिऱ्हाइकं ताटकळत उभी.

ही सत्तरच्या आसपासची गोष्ट. घड्याळांच्या काचा, चाकं तेव्हा स्वित्झर्लंडहून यायची, तिथल्याच रद्दी वर्तमानपत्रात बांधून. अशाच एका कागदावर मारोतरावांना फुटबॉलचा फोटो सापडला. गोल मारणारा मधोमध नाचतोय, आणि पार कडेला एक वाकड्या नाकाचा खेळाडू मान वळवून त्याच्याकडे पाहतोय. पाठीवर सहा आकडा.

"हा हाफ हाये, बाई, मागून बॉल पुरवणारा," ते मला म्हणाले. "गोल मारणारा सगळ्याईले दिसते. बॉल कोणं देल्ला? यानं!"

त्या भाषेतलं एक अक्षर कळत नव्हतं, त्या माणसाचं नावही ठाऊक नव्हतं. तरी पुढच्या सात-आठ वर्षांत मारोतरावांनी या सहा नंबरची अख्खी कारकीर्द रद्दीतून जमवली. पण रद्दीला कुठला आलाय क्रम? एका महिन्यात सहा नंबरला टक्कल, पुढच्या महिन्यात डोईभर केस. "बाई, तुम्ही भूगोल शिकवता ना? तिकडची हवाच तशी हाये का?" इतका अवघड प्रश्न मला शाळेत कुण्या इन्स्पेक्टरनंही विचारला नव्हता.

आणि हे 'बॉल कोणं देल्ला' तर जिथे तिथे. माझी विद्यार्थिनी बोर्डात आली म्हणून मी पेढे घेऊन गेले. "पोरगी हुशारच हाये. पण बॉल कोणं देल्ला?" मी फुशारून स्वतःचं नाव सांगणार, तोच म्हणाले, "तिच्या आत्यानं. रोज चार वाजता उठवे तिले, चहा करून दे." पेढा खाल्ला माझा, आणि श्रेय आत्याला! मला इतका राग आला म्हणून सांगू.

मग एका कागदावर सहा नंबर स्ट्रेचरवर दिसला. डोळे मिटलेले, दोन्ही हातांनी गुडघा धरलेला. मारोतराव हादरलेच. "पुढं काय झालं असन गा याचं?" येईल त्याला विचारत. पण तोवर देशी घड्याळं लोकांच्या मनगटावर आली होती आणि पार्सलं आटली होती.

नेमकं तेव्हाच मी माझं घड्याळ त्यांच्याकडे टाकलं. नुसतं तेल घालायला! मारोतरावांनी डोळ्याला भिंग लावलं आणि जाहीर केलं, "चाक गेलं. बाहेरून मागवा लागन." सहा महिने मी शाळेच्या घंटेवर दिवस काढले. दर आठवड्याला जायचं आणि भांडून यायचं.

एका दुपारी अशीच भांडायला गेले, तर पार्सल आलेलं. कागद मात्र काउंटरवर तसाच चुरगळलेला, आणि इस्त्री गार. माझा राग तिथंच विरला.

मारोतरावांनी कागद माझ्याकडे सरकवला. फोटोत एका दुकानाच्या काउंटरमागे वाकड्या नाकाचा, टक्कल पडलेला माणूस उभा होता. मागे भिंतीला टेकवलेली काठी. तोंडापासून खाली आडवीतिडवी घडी पडलेली.

"खेळणं गेलं, बाई, याचं. दुकान टाकलं. तुम्ही पाहा बरं नीट. हसून राहिला ना?"

मी त्यांचं भिंग लावून पाहिलं. तोंड पार घडीत गेलं होतं. पोरींना अर्धा मार्क फुकट न देणारी मी बेधडक म्हणाले, "हसतोय की!"

मारोतरावांनी भिंग परत घेतलं.

"मीबी हाफच होतो, बाई. अजनीच्या ग्राऊंडवर गुडघा गेला, बाविसाव्या वर्षी. तवापासून याच खुर्चीवर हावो. दुखते का, हे सगळ्याईनं विचारलं. मारोता, खुश हायेस का गा, असं कोणीच नाही विचारलं."

त्यांनी इस्त्रीत निखारे घातले. आता घडीतून काय निघतं देव जाणे! कागद सपाट झाला. सहा नंबर हसत नव्हता. पण घडीत त्याचा हातही दडलेला होता, आणि तो पुढे केलेला होता. फोटोत न आलेल्या कुणा गिऱ्हाइकाला तो काहीतरी देत होता.

"पाहा, पाहा!" मारोतराव ओरडले. त्यांचे डोळे भरून आले होते. "अजूनबी देऊनच राहिला!"

मग खाली मान घालून म्हणाले, "तुमच्या घड्याळाले काहीच झालं नव्हतं, बाई. मले पार्सल पाहिजे होतं."

दुसरं कुणी असतं तर मी दुकान डोक्यावर घेतलं असतं.

"मारोतराव," मी विचारलं, "तुम्ही खुश आहात?"

त्यांनी ड्रॉवरमधून माझं घड्याळ काढलं, किल्ली दिली, कानाशी धरून ऐकलं, बाहीनं काच पुसली आणि हात लांब करून माझ्यापुढे धरलं. या वेळी हसू पाहायला मला भिंग लागलं नाही.