पहिला कप टेलला

कचरूनानांकडे चहाला गेलं की चुलीपासून होईल तितकं लांब बसायचं, हे आमच्या आळीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बायको गेल्यापासून नाना एकटेच. चहा स्वतः करायचे आणि द्यायला सुरुवात करायची ती सगळ्यात लांब बसलेल्या माणसापासून. मी लग्न होऊन देवळाली प्रवरेत नवी आले होते. शेजारधर्म म्हणून गेले, अदबीनं अगदी चुलीपाशी बसले आणि कप हातात पडला तेव्हा चहा पार निवला होता.

नाना पाटकरी होते. भंडारदऱ्याचं पाणी पाटाला सुटलं की पाळीप्रमाणे ज्याच्या त्याच्या उसाला द्यायचं, हे त्यांचं काम. पाटाच्या तोंडाशी असलेले लोक पोटभर घेतात आणि शेवटचं शेत, म्हणजे नानांच्या भाषेत टेल, कोरडंच राहतं, हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं. म्हणून त्यांचा एकच हेका, "आधी टेल. हेड आपसूक भिजतंय."

निवृत्त झाल्यावर हा हेका वाढला. माझ्या दिराच्या लग्नात त्यांनी पंगतीचा ताबा घेतला आणि जिलबीची परात थेट मांडवाच्या टोकाला, बँडवाल्यांपाशी नेली. नवरीचे मामा, चांगले वजनदार गृहस्थ, पहिल्या जागेवर मिशीला पीळ देत बसले होते. त्यांच्यापर्यंत परात आली तेव्हा तिच्यात नुसता पाक उरला होता. सासूबाईंचा चेहरा पांढराफटक. नाना मात्र शांतपणे म्हणाले, "मामा, तुमी हेडचं. तुमाला काय कमी हाय?" मामा खो खो हसले म्हणून आम्ही वाचलो.

पुण्याहून त्यांचा मुलगा विलास फोन करायचा, "नाना, आता निवांत बसा." नाना फोन ठेवून येईल त्याला विचारायचे, "निवांत बसाया मी काय तुंबल्यालं पानी हाय व्हय?" सुरुवातीला ते फावडं घेऊन रोज पाटावर जात. शेवटी नव्या पाटकऱ्यानं हात जोडले, "नाना, तुमी हितं दिसला की साहेब मलाच इचारतो, तुझा मग काय उपेग?" तेव्हापासून नानांनी आमच्या आळीचे नळ हातात घेतले.

आमचं घर आळीच्या तोंडाशी. पाणी आलं की मी कळश्या, बादल्या, पातेली, हाताला लागेल ते भरून ठेवायची. तेवढ्यात कडी वाजायची. "सूनबाई, बंद करा. आक्काचं टेल कोरडं हाय." आळीच्या शेवटच्या घरात यमुनाक्का एकट्या राहायच्या. मी तोंडातल्या तोंडात पुटपुटत नळ बंद करायची.

मग गावात उंच टाकी झाली, नवी पाइपलाइन आली. सगळ्यांच्या घरी सारखंच धो धो पाणी. आळीत पेढे वाटले गेले. नाना ओट्यावर बसले ते बसलेच. एकदा मी त्यांना आमच्याकडे चहाला बोलावलं. घरात पाहुणे होते. मी आपणहून ट्रे पार कोपऱ्यातल्या पाहुण्याकडे नेला, तर नाना म्हणाले, "द्या कुटूनबी." नाना असं कधी बोलले नव्हते.

हे यमुनाक्कांच्याही कानावर गेलं असावं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नानांच्या दारात हजर. "नाना, मला पानी न्हाई आलं."

नाना ताडकन उठले. माझा नळ तर भरभरून वाहत होता, म्हणून मीही मागोमाग गेले. आक्कांच्या अंगणात हौद काठोकाठ भरलेला, आक्कांचा पदर ओलाचिंब आणि कॉक पिरगळून बंद केलेला. नानांनी हौदाकडे पाहिलं, पदराकडे पाहिलं. मग खाली बसून कॉक उघडला. पाणी उसळून बाहेर आलं.

"कॉक लई घट्ट बसतोय," नाना म्हणाले. "रोज बघावं लागंल."

"व्हय तर. रोजच या," असं म्हणून आक्कांनी चहा टाकला.

मी चुलीपाशी बसले, नाना पार उंबऱ्यावर. आक्कांनी पहिला कप भरला, माझ्या समोरून नेला आणि नानांच्या हातात दिला. नाना गडबडले. "आवं, आधी सूनबाईला..."

"तिला काय कमी हाय?" आक्का म्हणाल्या. "प्या गुमान, गरम हाय तवर."